आधी पालकांना विचारा

बालवर्गात पालकांचा सहभाग हवा, असं सगळेच म्हणतात. प्रत्यक्षात पालकांच्या वाट्याला काय येतं? सजावटीला या, फुलपाखराचा पोशाख शिवून द्या, सभेला हजर राहा, इथे सही करा. या कामांना माझी ना नाही. आईने चिकटवलेला कागदी सूर्य पोर दिवसभर सगळ्यांना दाखवत फिरतं, तो आनंद खराच असतो. पण मुलाच्या शिकण्यात त्यातून फारशी भर पडत नाही. गेली कित्येक वर्षं मी तीन-चार वर्षांच्या मुलांना शिकवतेय आणि मला सगळ्यात जास्त उपयोग झालाय तो पालकांनी मला सांगितलेल्या गोष्टींचा.

एक मुलगा वर्गात तोंडच उघडायचा नाही. गाणी चालू असली की भिंतीला टेकून बसायचा, गोष्टीच्या वेळी खिडकीबाहेर बघायचा. 'बोलत नाही' अशी नोंद करून मोकळं होणं सोपं होतं. त्याला न्यायला आजी यायच्या. त्यांना विचारलं, "घरी हा कशात रमतो?" आजी लगेच म्हणाल्या, "बापाच्या हत्यारांच्या पेटीत. पाना, पक्कड, सगळ्यांची नावं पाठ आहेत. कुठला नट कुठे बसतो ते मलाच शिकवतो."

दुसऱ्या दिवशी मी एका ट्रेमध्ये वेगवेगळ्या मापांचे जाडजूड नट-बोल्ट मांडून ठेवले. त्याने एक बोल्ट उचलला, दोन-तीन नट लावून पाहिले आणि शेजारच्या मुलीला म्हणाला, "हा नाही बसणार, याचे आटे मोठेत." वर्गात आम्ही ऐकलेलं त्याचं हे पहिलं वाक्य. लहान-मोठं, सारखं-वेगळं, जोड्या लावणं, हे सगळं आम्ही तक्त्यांवरून शिकवत होतो आणि तो ते घरून शिकूनच आला होता. पुढे त्याचे वडील कामावर जाण्याआधी थोडा वेळ काढून वर्गात आले आणि मुलांना घेऊन एक मोडकी तिचाकी दुरुस्त करत बसले. "काय निसटलं असेल बरं?" असं विचारायचे आणि गप्प राहायचे. मुलांना विचार करायला वेळ द्यायचे. हे गप्प राहणं शिक्षकांना प्रशिक्षणात मुद्दाम शिकवावं लागतं!

पालकांबरोबर केलेल्या कामाचा परिणाम किती दूरवर पोचतो, हे पाहायचं तर जमैकातला प्रयोग जरूर माहीत असावा. 1986-87 मध्ये किंग्स्टनमध्ये वाढ खुंटलेली 129 बाळं निवडली होती. त्यातल्या काही घरांत आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जायच्या. टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी न्यायच्या, आईला सोबत घेऊन बाळाशी खेळायच्या, बोलायच्या, आणि खेळणी तिथेच ठेवून यायच्या. पुढच्या आठवड्यात ती बदलायच्या. वीस वर्षांनी ही मुलं कमावती झाली तेव्हा, ज्यांच्या घरी अशा भेटी झाल्या नव्हत्या त्यांच्यापेक्षा त्यांची कमाई सुमारे 25 टक्के जास्त निघाली. सेविका आठवड्यातून एक तास यायची. उरलेला आठवडा बाळाशी खेळायला आईच होती. सगळं गणित इथे आहे, असं मला वाटतं.

काही ठिकाणी पालक याच्याही पुढे गेले. इटलीत रेज्जो एमिलियाजवळच्या व्हिला चेल्ला गावात 1945 साली, युद्ध संपल्यासंपल्या, लोकांनी सैन्याने मागे टाकलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशांतून मुलांसाठी शाळा बांधायला घेतली. तरुण शिक्षक लोरिस मालागुझ्झी ते ऐकून सायकलवरून पाहायला गेले आणि पुढे आयुष्यभर त्या भागातल्या बालशाळांसाठी काम करत राहिले. अमेरिकेत 1965 मध्ये गरीब घरांतल्या लहान मुलांसाठी सुरू झालेल्या 'हेड स्टार्ट' या सरकारी कार्यक्रमाच्या धोरण समित्यांमध्ये पालकांचं बहुमत असावं लागतं. म्हणजे पालकांचं मत ऐकून घेऊन सोडून देता येत नाही, निर्णयात ते मोजावंच लागतं.

आपल्याकडे पालक येत नाहीत, अशी तक्रार शिक्षकांच्या खोलीत नेहमी ऐकू येते. मला त्यांचा राग येत नाही. शाळेतून फोन आला म्हणजे पोराने कुणाला तरी चावलं असणार, हेच ज्यांना ठाऊक आहे ते शाळेकडे उत्साहाने कशाला येतील? पाळी बदलून काम करणारा बाप सकाळी अकराच्या सभेला कुठून येणार? आणि ज्यांची स्वतःची शाळा अर्ध्यात सुटली ते "आम्हाला काय कळतं, तुम्हीच बघा" असं म्हणून दारातूनच मागे फिरतात. अशा आईला मी एकच विचारते, "काल तो कशावर हसला?" याचं उत्तर तिच्याकडे असतंच, आणि बोलणं सुरू होतं. काहींना समोर बोलायला अवघड जातं, ते फोनवर आवाजात निरोप पाठवतात. तेही चालतं. आजी, काका, मोठी बहीण, जो कोणी मुलाला न्यायला येईल तो माझ्या दृष्टीने पालकच.

घरी पाठवायच्या गिरवण्याच्या कागदांबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. ते पाठवूच नयेत. त्यापायी दिवसभर राबून आलेली आई पोराची मुकादम होते आणि संध्याकाळ रडारडीत जाते. त्याऐवजी मी सांगते, कपड्यांच्या घड्या घालताना मोज्यांच्या जोड्या त्याला लावू द्या आणि त्याच्या भाषेतच गप्पा मारा. घरची भाषा शाळेपेक्षा वेगळी असेल, तर ती सोडू नका.

या सगळ्याला वेळ लागतो आणि तो शिक्षिकेने स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीतून काढावा, ही अपेक्षा चुकीची आहे. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये गरीब घरांतल्या मुलांसाठी चालवलेल्या पेरी प्रीस्कूल या बालवर्गाचा प्रयोग (1962 ते 67) सगळे मुलांवरच्या परिणामांसाठी सांगतात. तिथल्या शिक्षिका आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाच्या घरी दीड तास जायच्या, आणि ते त्यांच्या नोकरीचाच भाग होतं, हे कुणी सांगत नाही. आमचं पुढच्या वर्षाचं वेळापत्रक सध्या ठरतंय. रोज मुलं घरी जाताना अर्धा तास एका शिक्षिकेला वर्ग आवरण्यातून मोकळं ठेवा, तिने फक्त पालकांशी बोलावं, असा लेखी अर्ज मी मुख्याध्यापिकांना दिलाय. आवराआवरीला दुसरं कोण थांबेल, त्याची नावंही सोबत जोडली आहेत.