तुम्ही विचारलंत म्हणून: निकोटीनच्या पट्टीचे सात दिवस

"ताई, निकोटीनची पट्टी लावून तुमचा कोविडनंतरचा थकवा गेला म्हणे, खरं का?" महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणाचा ना कुणाचा फोन येतो. सिगारेट-तंबाखू सोडवायला दंडावर चिकटवतात, तीच ही पट्टी; तिच्यातलं निकोटीन कातडीतून अंगात जातं. कुणाची बहीण अंथरुणाला खिळलेली असते, कुणाचा मुलगा इंजिनिअरिंगचं वर्ष सोडून घरी बसलेला असतो. मागच्या आठवड्यात एका काकांनी विचारलं, "पट्टी महाग पडते, मग तंबाखूच मळली तर?" काका, नाही. कुठल्याही परिस्थितीत नाही. तोंडाचा कॅन्सर झालेली माणसं आपल्या भागात घरटी दाखवता येतील. आता बाकीचं सविस्तर सांगते.

एप्रिल २०२१ मध्ये मला कोविड झाला. ऑक्सिजन खाली गेला नाही, दवाखान्यात भरती व्हावं लागलं नाही. पंधरा दिवसांनी सगळे म्हणाले, सुटलीस. पण मी सुटले नव्हते. शाळेत हजेरी घेताना रोजच्या मुलाचं नाव ओठावर यायचं नाही. आमटीत दोनदा मीठ पडायचं. जिना चढून आले की छाती धडधडायची, आणि दुसऱ्या दिवशी अंग असं काही गळून जायचं की वेणी घालायला हात वर होत नसत. रिपोर्ट सगळे नॉर्मल. "मनावर घेऊ नका" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजही ते ऐकलं की घसा दाटून येतो.

२०२३ च्या सुरुवातीला जर्मनीतल्या लाइपझिगच्या मार्को लाइत्स्के या डॉक्टरांचा एक लेख आला. कोविडनंतर बरे न झालेल्या चार रुग्णांना त्यांनी कमी ताकदीची निकोटीनची पट्टी आठवडाभर लावली आणि चौघांनाही लवकर आराम पडला, असं त्यात होतं. कल्पना अशी: आपल्या नसा एकमेकींशी बोलतात त्यासाठी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन लागतं, आणि त्याला बसायला पेशींवर ठरलेल्या जागा असतात. एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा विषाणूचा तुकडा त्या जागा अडवून बसतो. निकोटीनही त्याच जागांवर बसतं, आणि त्याची पकड जास्त घट्ट असल्यामुळे ते तो रुमाल उचलून फेकतं. पटतं ऐकायला. मलाही पटलं. पण चारच रुग्ण, आणि तुलनेला पट्टी न लावलेला दुसरा गटच नाही.

त्याआधी २०२० मध्ये फ्रान्समध्येही निकोटीनची चर्चा झाली होती. पॅरिसच्या एका मोठ्या रुग्णालयात कोविडचे रुग्ण मोजले तर त्यांत सिगारेट ओढणारे अपेक्षेपेक्षा कमी निघाले, आणि ज्याँ-पिएर शाँज्यू या नावाजलेल्या शास्त्रज्ञांनी निकोटीन विषाणूला अडवत असेल, असा तर्क मांडला. लोकांची दुकानांवर झुंबड उडेल म्हणून सरकारला निकोटीनच्या पट्ट्यांच्या विक्रीवर मर्यादा घालावी लागली. पुढे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना पट्ट्या लावून रीतसर चाचणी झाली. मृत्यू काही कमी झाले नाहीत. आमचा आजार वेगळा, त्यामुळे तेवढ्यावरून आमचं उत्तर मिळत नाही. तरी छान वाटणारा तर्क आणि पडलेला गुण यांत किती अंतर असतं, ते मला तिथे कळलं.

आमच्या मिरजेतल्या डॉक्टरांना मी तो लेख दाखवला. ते म्हणाले, "पुरावा नाही. पण तुम्ही परस्पर करणार असाल तर माझ्या नजरेखाली करा." ईसीजी काढला, रक्तदाब पाहिला. सगळ्यात कमी ताकदीची, ७ मिलिग्रॅमची पट्टी, सकाळी लावायची, झोपताना काढायची, सातच दिवस.

आणि इथे आई आली. माझी आई चाळीस वर्षं मिशरी लावते. तिची ती पत्र्याची डबी मी लहानपणापासून लपवत आले, भांडत आले, रडले. दंडावर पट्टी चिकटवताना ती दारात उभी होती. "मला सोड सोड म्हणायचीस. आणि आता तूच?" मला उत्तर देता आलं नाही. तिला पहाटे पाचला मिशरी लागते, नाही मिळाली तर डोकं ठणकतं. मिळाली की म्हणते, "बघ, मिशरीनं डोकं उतरतं." मुळात ते डोकं मिशरी न मिळाल्यामुळेच चढलेलं असतं! हे तिला मी शंभरदा सांगितलंय. आता तोच प्रश्न माझ्या दंडावर होता: बरं वाटलं, तर ते कशामुळे म्हणायचं?

म्हणून वही घातली. या आजारात बऱ्याच जणांची नाडी नुसतं उभं राहिलं तरी फार चढते, म्हणून तीही मोजली. पट्टी लावण्याआधी आडवी असताना नाडी ७४, उभं राहून दहा मिनिटांनी ११२. पहिल्या दोन दिवशी नुसती मळमळ, तोंडाला पाणी सुटायचं. तिसऱ्या दिवशी डोक्यातला भुसा कुणी झाडून काढल्यासारखं झालं. पेपरातला अख्खा अग्रलेख मी एका बैठकीत वाचला, दोन वर्षांत पहिल्यांदा. चौथ्या दिवशी हजेरीपट बंद ठेवून एकेचाळीस नावं घेतली. वर्गाला कळलं नाही मी का थांबले ते. त्याच दुपारी उभ्या नाडीचा आकडा १२६ होता, रात्री झोप नाही, दंडावर लालबुंद चौकोन. पाचव्या दिवशी अंगात बळ आलंय म्हणून मी घरचे सगळे पडदे धुतले. सहाव्या-सातव्या दिवशी उठून बसता येईना.

आता सांगा, काय म्हणायचं? पट्टीनं गुण आला आणि पडद्यांनी घालवला? की निकोटीननं थकव्याची जाणीवच दाबली आणि मी भलत्या भरवशावर राबले? आमच्या आजारात ताकदीबाहेर काम झालं की एक-दोन दिवसांनी फटका बसतो, तेच असेल. चौथ्या दिवशीचं ते मोकळं डोकं खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण ते कशानं आलं हे माझी वही सांगू शकत नाही. त्यासाठी शेकडो माणसांच्या वह्या लागतात, निम्म्यांना औषध नसलेली पट्टी लावून. ते कुणीतरी नीट करावं अशी माझी कळकळीची मागणी आहे. आम्ही घरोघरी आपल्याच दंडावर प्रयोग करत बसायचं, हे बरोबर नाही.

मी पुन्हा पट्टी लावली नाही. नाडी चढत होती म्हणून डॉक्टर नको म्हणाले, आणि खरं सांगायचं तर मलाही आईच्या डबीची भीती वाटली. हृदयाचा त्रास असेल, दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, तर हा विचारही मनात आणू नका. काढलेल्या पट्टीतही निकोटीन उरतं. ती चिकट बाजू आत दुमडून लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी टाकावी लागते. माझा भाचा एकदा कचऱ्याच्या डब्याशी पोचलाच होता.

आज मी बरीच सावरले आहे, तेही हळूहळू: थकण्याआधी आडवं होणं, स्टुलावर बसून पोळ्या लाटणं, पाणी आणि डॉक्टरांनी सांगितलेलं जास्तीचं मीठ, पायांत घट्ट मोजे.

तर फोन जरूर करा. फक्त त्याआधी आठ दिवस सकाळी आडवं असताना आणि मग दहा मिनिटं उभं राहून नाडी मोजा, उभं राहवत नसेल तर लगेच बसा, आणि आकडे लिहून ठेवा. ते डॉक्टरांना दाखवा. रकाने कसे आखायचे ते मी सांगते.