काडेपेटीला कंपनी लागते?

मंगळवार, रात्रीचे अकरा. पाऊस थांबायचं नाव नाही.

रिक्षावाला पोरगा सहज बोलून गेला. आपल्या अंबरनाथचा विम्को नाका हे कशाचं नाव, म्हणाला. काडेपेटीची कंपनी, म्हटलं. "काडेपेटीला कंपनी लागते?" आणि हसला. तेवढंच. पण त्याचं ते हसणं अजून कानात आहे.

लागते रे बाबा. विम्को म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, 1923 सालची, स्वीडनवाल्यांनी काढलेली. ओंडका आला की शिळा होऊ द्यायचा नाही, बुरशी धरली की लाकडावर डाग पडतात. साल काढायची, ओंडका फिरता ठेवून पात्याने दोनेक मिलिमीटर जाडीची सलग पट्टी सोलायची, तिच्या काड्या तोडायच्या. त्या फॉस्फेटच्या पाण्यात भिजवून वाळवायच्या. यात कसूर झाली की फुंकर मारल्यावरही काडी निखाऱ्यासारखी धुमसते. लुगड्यावर पडली की भोक. मग टोक मेणात, सेंटीमीटरभर. मेण नसेल तर गुल, म्हणजे काडीचं पेटणारं डोकं, नुसतं फुरफुरतं, आग लाकडापर्यंत पोचत नाही. शेवटी गुल: पोटॅशियम क्लोरेट, गंधक, काचेची पूड, सरस. तांबडा फॉस्फरस काडीवर नसतोच, तो पेटीच्या कडेला. म्हणून काडी भिंतीवर घासून पेटत नाही.

हे सगळं त्याला सांगायला हवं होतं. तोवर तो पुढचं भाडं घेऊन गेलाही.

काडीला काटेसावरीचं लाकूड चांगलं. हलकं, मऊ, सरळ रेषांचं. तावलीच्या डोंगराच्या बाजूला फाल्गुनात ती एका पानाविना लाल होते, साळुंक्या नुसता गोंधळ घालतात. आपण फोटो काढतो. त्याच खोडात काड्या दिसणारी माणसं या गावात होती. शिवमंदिराचा शके 982 चा शिलालेख मात्र सगळ्यांना पाठ. शेजारच्या वालधुनी नदीचं तर... नको, आज तो विषय नको.

हसला का पण तो? आपल्या गावाची ओळख एवढी हसण्यासारखी?

आता वाटतंय, पोरगं चुकलं नाही. तिकडे तमिळनाडूत शिवकाशी-कोविलपट्टीला चौकटीत हाताने काड्या भरून, चौकटच्या चौकट गुलात बुडवून पेट्या निघाल्या. छोट्या कारखान्यांना अबकारीत सवलतही होती. त्या भावापुढे यंत्राला घाम फुटला. म्हणजे कंपनी लागतेच असं नाही. चार तास डोकं तापवून निघालं हे!

मघाशी देवापाशी दिवा लावायला तीन काड्या वाया गेल्या. दमट हवेत सरस मऊ पडतो, गुल कडेवर पेटायच्या आधी चुरतं. पेटी तव्याजवळ शेकवली, चौथी लागली. मग चष्मा लावून पेटीच्या पाठीवरचा पत्ता वाचला.

कोविलपट्टी.