दशमी, सातू आणि खिडकीची जागा

कुडाळ, मे महिना, रात्री उशिरा

पोरं झोपली एकदाची. सकाळी ठाण्याला मांडवी एक्सप्रेस पकडली, दुपार कलल्यावर इथे उतरलो. एवढ्या उन्हाच्या प्रवासातही दोघांची पोटं ठणठणीत राहिली, याचा आज फार आनंद वाटतोय.

वाटेत लेकरांना काय द्यायचं, याचं उत्तर आपल्या आज्या-पणज्यांनी केव्हाच शोधून ठेवलंय. दशमीच घ्या. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, गोड हवी असेल तर दुधात गूळ विरघळवायचा. गार झाली तरी मऊ राहते, सोबत भाजी लागत नाही. दीड वर्षाच्या धाकट्याने तिचे तुकडे आज स्वतःच्या हाताने खाल्ले. करबुड्याचा बोगदा आला तेव्हा साडेसहा किलोमीटरभर तोंडातला घास तसाच, डोळे विस्फारलेले. उजेड दिसला आणि जबडा पुन्हा सुरू!

सातूचं पीठ तर माझ्या मते प्रवासासाठीच जन्मलंय. गहू आणि डाळं आधीच भाजून दळलेलं असल्यामुळे शिजवायला नको. वाटीत पीठ, चिमूटभर सुंठ, किसलेला गूळ, वर थर्मासमधलं उकळून कोमट झालेलं पाणी, की झालं. नाचणी सत्त्व मला जास्त आवडतं, पण ते शिजवावं लागतं. गाडीत कुठून आणणार शेगडी?

दहीभात मात्र मी उन्हाळ्यात नेत नाही. शिजलेला भात उकाड्यात दोन तासांच्या वर राहिला की त्यात जंतू वाढतात, आणि त्यांतले काही असं विष सोडतात की पुन्हा गरम करूनही ते जात नाही. त्यापेक्षा वेलची केळी बरी: एका पोराला एक पुरतं, आणि साल काढेपर्यंत आतलं स्वच्छ. उकडलेलं रताळंही सालीसकट नेलं होतं, ते थोरलीने संपवलं.

समोरच्या मावशींनी मायेने धाकट्यापुढे खारे शेंगदाणे धरले. मी म्हटलं, "मावशी, तो अजून लहान आहे हो, घशात अडकतील." त्यांना पटलं, मग थोरलीला दिले. तीही चारच वर्षांची, म्हणून मी ते वरवंट्यासारखी वाटी फिरवून बारीक केले. द्राक्षंसुद्धा मी उभी चिरूनच देते. अशा वेळी भीड धरायची नाही, हे माझं ठाम मत आहे.

खरी काळजी पाण्याची. गाडीतल्या संडासाला घाबरून थोरली पाणीच पीत नाही, आणि मग दोन दिवस पोट साफ होत नाही. आज दर मोठ्या स्टेशनला चार घोट, असं तिच्याशी ठरवलं होतं. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली. कणकवलीला तिनेच बाटली मागितली.

आणि पोरं सारखं "भूक लागली" म्हणतात त्यातलं निम्मं कंटाळ्यामुळे असतं. अशा वेळी वेफर्सचं पाकीट फोडण्याआधी खिडकीची जागा द्यावी.

परतीसाठी सासूबाई आत्ताच म्हणाल्या, "पोरांका पेज घेवन जा गो." उकड्या तांदळाची पेज, कढत असतानाच थर्मासमध्ये भरून, म्हणजे पहिली न्याहारी तीच. घावणे इथेच खाऊन निघू.