तुम्ही विचारलंत म्हणून: शहर बिल्डरला पैसे का देतं?

मी शिकागोत राहते म्हटलं की मुंबईचे नातेवाईक हमखास विचारतात, "तिकडे म्हणे महापालिकाच बिल्डरला पैसे देते?" देते, पण तिजोरीतून सरळ उचलून नाही.

शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये 1977 पासून टीआयएफचा (टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग, म्हणजे वाढीव करातून विकासाला पैसा) कायदा आहे. एखादा भाग मोडकळीला आलाय असं ठरवून सिटी कौन्सिल त्याची हद्द आखते. तिथल्या मालमत्तांची त्या वेळची करपात्र किंमत 23 वर्षं गोठवतात. शाळा, बागा, वाचनालयं यांच्या वाट्याला तेवढ्याच किमतीवरचा कर येतो. पुढे भाव वाढले की वाढीवरचा कर वेगळ्या खात्यात जातो आणि त्यातून तिथले रस्ते, पूल होतात किंवा बिल्डरला मदत मिळते. शाळांचा खर्च काही थांबत नाही. तो भागवायला कराचा दर चढतो आणि भुर्दंड शहरभरच्या घरमालकांना बसतो. ज्यांचं घर अशा हद्दीत आहे, त्यांच्या कराच्या बिलावर या खात्यात जाणारी रक्कम वेगळी छापलेली दिसते. बाकीच्यांना मात्र आपण किती जास्त भरतोय ते बिलावरून कळत नाही, आणि मला ही गोष्ट फार खटकते.

म्हणून कौन्सिलने आधी एकच गोष्ट तपासायची असते: हा पैसा दिला नाही, तर इथे काहीच उभं राहणार नाही का? ही अट कायद्यातच आहे. पण 50 नगरसेवकांच्या सभागृहात रिवाज असा की ज्याचा वॉर्ड, त्याच्या शब्दाला मान. मग कस लागायचा तो लागत नाही.

शिकागोतल्या लिंकन यार्ड्स या मोठ्या बांधकाम प्रकल्पाचंच घ्या. नदीकाठची जुन्या पोलाद कारखान्याची जमीन, शेजारी लिंकन पार्कसारखी श्रीमंत वस्ती. तिथे कुणी बांधायलाच येणार नाही, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. तरी एप्रिल 2019 मध्ये, मावळते महापौर राम इमॅन्युएल यांचे शेवटचे आठवडे उरले असताना आणि लोरी लाइटफूट निवडून आलेल्या असताना, कौन्सिलने 130 कोटी डॉलरपर्यंतच्या मदतीला मंजुरी दिली. पुढे काम रखडलं आणि 2025 मध्ये उत्तरेकडची जमीन बँकेच्या ताब्यात गेली. करारातलं एक कलम मात्र शहाणपणाचं होतं: रस्ते-पुलांचा खर्च आधी बिल्डरने करायचा, शहर नंतर करातून फेडणार. धोका कुणाच्या गळ्यात पडतो ते अशा कलमावर ठरतं. आकड्यावर भांडण्याआधी मी तेच वाचते.

हाच पैसा इंग्लवूडसारख्या, दुकानदार पाय ठेवायला कचरतात अशा वस्तीत लावला तर माझा पाठिंबाच असेल. तिथे टीआयएफच्या मदतीने बांधलेल्या संकुलात 2016 साली मोठं किराणा दुकान आलं आणि 2022 मध्ये बंदही झालं. तरीही शहराने जोखीम घ्यायची ती अशाच ठिकाणी.

आणि मुंबईकरांनो, तुमच्याकडे रोख नसेल देत, वाढीव एफएसआय, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकामाची परवानगी, देतातच की. त्याचाही ताण पाण्याच्या लाइनवर, रस्त्यांवर येतो आणि त्याचे पैसे तुम्हीच भरता. एवढा एफएसआय दिला नसता तर बिल्डर खरंच आला नसता का, हे तुमच्या नगरसेवकाला एकदा विचारा.