गनी, डिंगी आणि देवळालीचा ताप

वाशीच्या एपीएमसी मार्केटात तागाच्या पोत्याला इंग्रजी बिलावर 'गनी बॅग' लिहितात. या गनीचा बंदुकीच्या 'गन'शी काडीचाही संबंध नाही. ती आपली गोणी. चांगला इंग्रजी कोश उघडला तर मूळ म्हणून मराठीच दिलेली सापडते. अमेरिकेच्या मरीन कोअर या सैन्यदलात ज्याला 'गनी' म्हणतात तो गनरी सार्जंट. तो मात्र खरोखर बंदुकीच्या घरातला. स्पेलिंग एक, उच्चार एक, घराणी दोन.

असं होतं कारण परका शब्द कानावर पडला की माणूस तो आपल्या ओळखीच्या आवाजात बसवून घेतो. 'मुंगूस' इंग्रजांच्या कानात शिरलं आणि शेवटचा भाग 'गूस', म्हणजे हंसासारखा, झाला. फसगत होते ती अनेकवचनात. गूसचं गीस होतं म्हणून मंगूसचं 'मंगीस' करायचं नाही. बरोबर रूप 'मंगूसेस'. मुंगसात हंस आलाच कुठे!

ठाण्याच्या खाडीतल्या छोट्या होडीसाठी असलेल्या 'डिंगी'ची गोष्ट स्पेलिंगमध्ये आहे. शब्द हिंदी-बंगालीतल्या डिंगीवरून गेला. इंग्रजीत जी-नंतर वाय आला की पुष्कळदा 'ज' उच्चार होतो, म्हणून मध्ये एच घालून 'ग' राखला. तो एच गाळला की शब्द 'डिंजी' होतो आणि अर्थ मळकट, अंधारा. भाड्याच्या खोलीच्या जाहिरातीत 'मळकट'मध्ये चुकून एच शिरला तर खोलीची होडी होते, आणि होडीच्या जाहिरातीतून गळला तर होडी कळकट.

'चिट'ही असाच जोडशब्द. चिठ्ठी या अर्थाचा चिट आपल्या चिठ्ठीतूनच आला. आधी 'चिटी' म्हणत, मग शेपूट गळलं. पण पूर्वी इंग्रजीत आगाऊ पोरीला 'चिट ऑफ अ गर्ल' म्हणत, त्या चिटचा चिठ्ठीशी संबंध नाही. 'चिंट्झ' म्हणजे आपलं चीट, फुलाफुलांचं छापील कापड. मूळ शब्दाला अनेकवचनाचा एस लागला, तोच पुढे शब्दाचा भाग समजला गेला. त्यावरून स्लँगमध्ये 'चिंट्झी' म्हणजे भडक, हलक्या प्रतीचं. चिटाच्या नशिबी हे यावं, हे जरा अन्यायाचंच.

सैनिकांच्या बोलीतले शब्द सगळ्यात फसवे. 'कुशी जॉब' म्हणजे आरामाची नोकरी. गादीचं कुशन आठवतं, पण कुशन फ्रेंचमधून आलं आणि कुशी 'खुश'मधून. 'हॅव अ डेको' म्हणजे एक नजर टाक, अर्थात 'देखो'. मरीन ड्राइव्हच्या इमारतींचा आर्ट डेको वेगळा. तो फ्रेंच 'डेकोरातिफ'चा तुकडा.

ठाण्याहून नाशिककडे निघालेली गाडी कसारा, इगतपुरी मागे टाकून देवळालीला पोचते. ब्रिटिश काळात तिथे सैन्याची मोठी छावणी होती. भारतातली नोकरी संपलेले गोरे शिपाई तिथे परतीच्या जहाजाची वाट पाहत. जहाजांचा हंगाम ठरलेला, तो चुकला की महिनोन्‌महिने रिकामपण, उकाडा, हिवताप. त्यातून डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलाली टॅप' म्हणू लागले. डूलाली म्हणजे देवळाली. टॅप म्हणजे नळही नव्हे, टिचकीही नव्हे, सरळ आपला 'ताप'. पुढे टॅप गळून पडला आणि आज इंग्लंडमध्ये कुणी 'डूलाली' झाला म्हणजे त्याचा स्क्रू ढिला झाला.

'टँक'मध्ये थोडी गुंतागुंत आहे. गुजराती टांकी, मराठी टाकं आणि पोर्तुगीज 'तांके' या सगळ्यांचा त्यात हात धरतात. इंग्रजांच्या जुन्या कागदांत ठाण्याच्या मासुंद्यासारख्या तलावालाही टँकच म्हणत. रणगाड्याला हे नाव पडलं ते गुप्ततेसाठी: पाण्याच्या टाक्या बनवतोय, असा बहाणा. पहिल्या महायुद्धात, 15 सप्टेंबर 1916 रोजी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत त्या 'टाक्या' पहिल्यांदा धावल्या.

एखादा शब्द असा संशयित वाटला तर आधी कोशात त्याच्या डोक्यावर 1, 2 असे छोटे आकडे आहेत का ते बघा. असले तर दिसायला एक, मुळात वेगळे. मग व्युत्पत्तीच्या कंसातलं सगळ्यात जुनं स्पेलिंग मोठ्याने वाचा. चिटी वाचलं की चिठ्ठी ऐकू येते. शेवटी पहिल्या वापराचं साल. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या आधीचं असेल तर आपला दावा बहुधा मागे घ्यावा लागतो. झोपायच्या 'कॉट'ला ही चाळणी लावा: पलंग हा अर्थ खाटेवरून, पण झोपडी या अर्थाचा कॉट जुन्या इंग्रजीतलाच. कॉटेज त्याच्या वाटणीला गेलं, खाट आपल्या.