थांबून काय पाहता?

नाशिकच्या रविवार कारंजावरून गोदाघाटाकडे माझ्याबरोबर पायी निघालेला प्रत्येक जण केव्हा ना केव्हा विचारतोच, की तुम्ही मध्येच थांबून पायऱ्यांकडे आणि भिंतींच्या कोपऱ्यांकडे एवढे काय पाहता. तुम्हीही विचारलेत, म्हणून नीट सांगते.

मी आधी पायऱ्या मोजते. भांडी बाजारालगतच्या एका बोळात माझे आजोळ आहे. माझ्या लहानपणी त्या वाड्याच्या दगडी जोत्याला पाच पायऱ्या होत्या आणि आजी वरून चौथीवर बसून भाजी निवडत असे. आज तेथे तीन पायऱ्या आणि चौथीची जेमतेम कड एवढेच दिसते. पायऱ्या कोणी काढल्या नाहीत, रस्ताच वर आला. कारण दर दुरुस्तीच्या वेळी जुना थर न उखडता त्यावरच नवा टाकला गेला. ओट्याच्या दर्शनी दगडात जनावर बांधायची लोखंडी कडी आहे, तिच्यात हात घालून आम्ही मुले लोंबकळत असू. ती आता माझ्या घोट्याशी आली आहे. पूर्वी पावसाचे जे पाणी दुसऱ्या पायरीवर थांबत असे, ते हल्ली एका जोरदार सरीत उंबरा ओलांडून चौकात येते, आणि याचे कारण पावसात नसून रस्त्यात आहे, हे पायऱ्या मोजल्याशिवाय कोणाच्या ध्यानात येत नाही.

त्याच बोळाच्या वळणावर गुडघ्याएवढा एक काळा दगड रोवलेला आहे. वळताना बैलगाडीच्या चाकाने भिंतीचा कोपरा फोडू नये, म्हणून तो बसवलेला. त्याच्यावरून हात फिरवून पाहा: चढाकडची बाजू काचेसारखी गुळगुळीत आहे आणि नदीकडची अजूनही खरबरीत. जुने नाशिक टेकड्यांवर वसलेले असल्यामुळे येथील गल्ल्या नदीच्या दिशेने उतरत जातात, आणि माझा अंदाज असा, की भरलेली गाडी उताराला आवरत नसल्याने तिच्या चाकाचा तुंबा, म्हणजे मधला गड्डा, चढाकडच्याच बाजूला घासत असावा. या दगडाची नोंद कोठेही नसेल, पण मला तो एखाद्या शिलालेखाइतकाच मोलाचा वाटतो.

दहीपुलावर तर नवखा माणूस पूल शोधत राहतो. खालून सरस्वती नाला वाहतो, पण तो झाकला गेल्यामुळे पूल उरला तो नावातच. मोठा पाऊस झाला, की मात्र दहीपूल आणि सराफ बाजारात पाणी तुंबते आणि नाल्याची जागा सर्वांना आठवते.

उंची पाहण्याची ही सवय खरे तर नाशिककरांना नवी नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडले, की क्युसेकचे आकडे बातम्यांत येतात, पण घरोघरी विचारले जाते ते गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीविषयी: पाणी गुडघ्याला लागले, की कमरेला, की छातीला? त्याच्याही वर पाणी चढले, तर नारोशंकराच्या देवळातील घंटेचे नाव निघते. वसईच्या विजयाची आठवण म्हणून ती घंटा सांगितली जाते, आणि पुरात तिला पाणी लागणे म्हणजे काय, हे जुन्या माणसांना वेगळे समजावावे लागत नाही. १९ सप्टेंबर २००८ च्या पुरात आमच्या बोळातही पाणी शिरले होते. ते जेथवर चढले, तेथे मामांनी दाराच्या मागे रेघ ओढून तारीख घातली आहे. ती रेघ उंबऱ्यापासून मोजायची, की रस्त्यापासून, यावर आमच्यात नेहमी वाद होतो, कारण उंबरा तेथेच आहे आणि रस्ता नाही.

यंदा बोळात पुन्हा काँक्रीट पडणार असल्याचे कळले, तेव्हा मी टेप घेऊन गेले. चौथ्या पायरीची कड रस्त्याच्या वर दोन इंच भरली. मामांनी तो आकडा त्या रेघेखाली पेन्सिलीने लिहून घेतला.