इथे टीटीएमएम चालत नाही

डब्लिनमधल्या पहिल्या हिवाळ्यात मी आमच्या गल्लीच्या टोकाच्या पबमध्ये तब्बल वीस मिनिटं नुसता बसून होतो. वेटर येईल, पाण्याचा ग्लास टेबलावर आदळेल, "बोला साहेब" म्हणेल, अशी वाट बघत. कुणी फिरकलंच नाही. बाहेर इथला तो चिवट, भुरभुरता पाऊस आणि आत कोपऱ्यात शेकोटी, त्यामुळे तशी तक्रार काही नव्हती. शेवटी शेजारच्या बाकावरचे टोपीवाले आजोबा म्हणाले, "पोरा, तिथे बसून तुझी दाढी पांढरी होईल. काउंटरवर जाऊन माग." इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. सत्तरीच्या माणसाच्या बाबतीत मला ते अजून जमलेलं नाही, म्हणून ते माझे आजोबाच.

'बार' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर येते ती आमच्या गावच्या एसटी स्टँडमागची परमिट रूम. काळ्या काचा, लाल दिवा आणि हेल्मेट न काढताच आत शिरणारे ओळखीचे काका. इथे संध्याकाळी सहाला एखादी आजी नातीला शेजारी बसवून टेटोचे चीज-कांदा वेफर्स भरवत असते. रात्री नऊ वाजले (उन्हाळ्यात दहा) की कायद्याने पोरांनी घरी जायचं. तोवर ती टेबलांखालून हुंदडतात आणि कुणाला काही वाटत नाही.

पब म्हणजे पब्लिक हाउस, आणि ते घर कुणाचं हे दारावरच लिहिलेलं असतं. परवाना कुणाच्या नावे आहे ते बाहेर लावायची सक्ती 1872 च्या कायद्याने केली. इथल्या जुन्या पबना मालकाचं आडनाव लागलं ते पुढे मालक बदलले तरी सुटलं नाही. टोनर्स, मलिगन्स, कॅव्हनाज. आपण नाही का 'बेडेकरांकडे' मिसळ खायला जात, तसंच. ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीच्या भिंतीला खेटून असलेला कॅव्हना मंडळींचा पब तर 1833 पासून एकाच घराण्यात आहे. कबरी खणणारे कामगार तिथे टेकायचे, म्हणून लोकांच्या तोंडी त्याचं नाव 'ग्रेव्हडिगर्स'. तिथे टीव्ही नाही, गाणंबजावणंही नाही. माणसं बोलतात, तेवढाच काय तो आवाज.

घर म्हटलं की माजघर आलंच. जुन्या पबात 'स्नग' नावाची चिमुकली खोली असते. लाकडी आडोसा, आतून कडी आणि काउंटरकडे उघडणारी एक छोटी खिडकी. चारचौघांत पिताना दिसणं ज्यांना परवडत नसे अशा बायका, पाद्रीबाबा आणि ड्युटीवरचा हवालदार यांची ही सोय. आता तिथे जागा मिळवायला तरुण पोरं चार वाजल्यापासून दबा धरून बसतात.

गिनीज, म्हणजे इथली काळी बिअर, ओतली जाताना बघणं हा माझा आवडता टाइमपास. ग्लास तिरका धरायचा, पाऊण भरायचा आणि बाजूला ठेवून द्यायचा. आत तपकिरी वादळ उठतं. काचेला नाक लावून बघा, बुडबुडे वर जायचे सोडून खाली चाललेले दिसतात! ग्लास वर रुंद आणि खाली निमुळता, त्यामुळे मधल्या भागातले बुडबुडे वर चढतात आणि कडेने खाली उतरणारा द्रव उरलेल्यांना सोबत ओढून नेतो. हळूहळू काळं खाली बसतं, साईसारखा फेस वर येतो, मग उरलेला ग्लास भरायचा. कंपनीच्या हिशोबाने या सगळ्याला 119.5 सेकंद लागतात. अर्धा सेकंदसुद्धा मोजणाऱ्या माणसाबद्दल मला नितांत आदर आहे. तेवढ्या वेळात घाई करणाऱ्याकडे मात्र अख्खा काउंटर असा बघतो, जणू तो कुकरची शिट्टी व्हायच्या आत झाकण काढायला निघालाय.

पण मी फसलो ते राउंडमध्ये. आजोबांच्या टेबलावर आम्ही चौघं. राउंड म्हणजे पाळीपाळीने प्रत्येकाने सगळ्यांसाठी आणायचं. एकाने आणलं. मी पुणेरी संस्काराला जागून लगेच फोन काढला, "माझे किती झाले?" टेबल गप्प. कॉलेजपासून टीटीएमएमवर (तू तुझं, मी माझं) वाढलेल्या माणसाला कळेना, आपलं चुकलं काय. मग शेवटची बस होती म्हणून मी उठलो आणि घरी गेलो. एक राउंड पिऊन, एकही न देता! पुढे कळलं की इथे माणूस चोरी करून सुटेल, पण यातून नाही.

आईला फोनवर हे सांगितलं तर ती हसायला लागली. म्हणाली, "अरे, शेजारणीने वाटीतून खीर दिली तर वाटी रिकामी पाठवतो का आपण? आणि लगेच भरूनही पाठवायची नसते. तिला वाटेल, हिशोब मिटवला." पबचं तोंडही न पाहिलेल्या बाईने एका वाक्यात सगळं समजावलं. राउंडचा हिशोब कधीच मिटत नाही, म्हणून पुन्हा यावं लागतं.

गंमत म्हणजे आजोबा स्वतः थेंबभरही घेत नाहीत. कोटाला एक बारीकशी पिन असते. 1898 मध्ये फादर जेम्स कलन यांनी काढलेल्या 'पायोनियर' या दारू न पिणाऱ्यांच्या संघटनेची ती खूण. संत्र्याचं सरबत घेऊन रोज संध्याकाळी हजर, आणि राउंडमध्ये बरोबरीचे भागीदार.

टेबलावर वादाला विषय लागतोच. 1951 साली वेक्सफर्डमध्ये शिकारीला गेलेल्या गिनीज कंपनीच्या ह्यू बीव्हरसाहेबांचा वाद झाला, शिकारीच्या पक्ष्यांत सगळ्यात वेगवान कोण? अशी भांडणं पबोपबी होत असणार, ती मिटवायला एक पुस्तक हवं, असं त्यांना वाटलं. 1955 मध्ये ते निघालं, तेच आपलं गिनीज बुक. मी ऐटीत सांगितलं, त्यात एका हाताच्या सगळ्यात लांब नखांसाठी नाव आलेले श्रीधर चिल्लाल आमच्या पुण्याचे. 1952 पासून डाव्या हाताची नखं कापली नव्हती त्यांनी, थेट 2018 मध्ये कापली. झालं. ते झोपायचे कसे, शर्ट कसा घालायचे, यावर तासभर वाद. पुस्तक कुणी उघडलं नाही.

मंगळवारी चार-पाच वादक येतात. स्टेज वगैरे नाही. भजनी मंडळासारखे टेबलाभोवती गोल बसतात, आपल्याकडे पाठ करून, आणि फिडल (व्हायोलिनच), बासरी, बोराँ (डफासारखं वाद्य) सुरू होतं. समेवर यावं तशी सगळी एकदम थांबतात. टाळ्या वाजल्या तर बरं, नाही वाजल्या तरी पुढचं सुरू.

साडेअकराला दिवे मिचकावतात. बारमन ओरडतो, "तुम्हाला घरदार आहे की नाही?" ग्लास संपवायला अर्धा तास मिळतो, तो सगळे पुरवून पुरवून वापरतात. परवा टोपी चढवत आजोबा उठले, तेव्हा मी म्हटलं, "पुढचा राउंड माझा."

"पुढचा कसला? मागचाच राहिलाय तुझा."

मला पक्कं आठवतंय, मागचा मीच दिला होता. पण बोललो नाही.